बोंबील रिकामा करताना

सोहारला, वजनकाट्याच्या मागे,
जिथे पूर्वी चहाची पॅन्ट्री होती
तिथे माझे पाच सर्व्हर.
बेसिन अजून आहे, नळाला बूच मारलेलं.

नावं मीच ठेवली, चिकटपट्टीवर, मार्करने:
सुरमई, रावस, हलवा, तारली
आणि सगळ्यांत म्हातारा बोंबील,
ज्याच्या अंगात आता हाड असं उरलं नाही.
उण्णीकृष्णन विचारतो, ही कुठली भाषा?
मी म्हणतो, हर्णैच्या लिलावाची.

पाचांच्या पोटात एकतीस यंत्रं, लोखंड नसलेली.
फाटकाचे पास छापणारं एक, पगाराचं एक,
एक खजुराच्या कंटेनरांचा ताप बघणारं.
प्रत्येकाला वाटतं, आपलं स्वतःचं घर आहे.
मला एकाच पडद्यावर सगळी दिसतात, हिरवे ठिपके,
कुणाकडे उतरलोय हेही ठाऊक नसलेले पाहुणे.

ऑगस्ट. रात्रीचे दोन, बाहेर अडतीस.
दोनांपैकी जुना एसी आधी घोगरा झाला, मग गप्प.
बोंबीलचा एक पॉवर सप्लाय संध्याकाळीच गेलेला,
दुसरा नारिंगी डोळा मिचकावतोय.
सुटे भाग जेबेल अलीत अडकलेत.
सालिम अल-मामरी फोनवर म्हणतो, इन्शाल्ला,
आणि त्याच्या आवाजात झोप आहे, खोटेपणा नाही.

शफीकुलने टेबलफॅन आणून दारात लावला.
बोंबीलवर सात होती. मी एकेक उचलायला लागलो.

उचलायचं म्हणजे, सामान सगळ्यांचं
एकाच कोठारात, ते जागचं हलत नाही.
हलते ती फक्त आठवण,
पानापानाने, काम चालू असताना,
आणि शेवटी पापणी लवेल एवढा खंड.
पगाराची बेरीज बोंबीलवर सुरू झाली, रावसवर संपली,
तिला पत्ता नाही.

माझा व्हिसा एका कफीलकडून दुसऱ्याकडे गेला
त्याला सात महिने लागले.
अब्बा वारले ते त्यातच.

हे जमतं कशामुळे, तेही सांगतो.
पाचांचे प्रोसेसर वेगवेगळ्या सालांचे.
नव्यांच्या युक्त्या बोंबीलला येत नाहीत,
म्हणून अट घातलेली असते:
सगळ्यांनी बोंबीलइतकंच येतं असं दाखवायचं.
सुरमई एवढी तरतरीत, पण सहा वर्षं
अडाण्याचं सोंग घेऊन उभी आहे,
म्हणजे कुणीही कुणाकडे केव्हाही उतरावं.

जेवायला बसतो तेव्हा आमचंही हेच.
उण्णीचं मल्याळम, शफीकुलचं बंगाली,
माझं जे काय आहे ते,
डब्याखाली झाकतो आणि बोलतो ती हिंदी:
तुम जाता, हम जाता, कल मशीन खलास.
परवा फोनवर लेकीला
'पेपर कसा गेला' विचारायचं होतं,
तोंडातून गेलं, 'पेपर अच्छा जाता?'
ती हसली नाही.

चारला एकच उरलं. नाव नुसतं 'टेंप-तीन'.
माझ्या आधीच्या कुरियाकोसने उभं केलेलं.
रोज पहाटे ते कुठल्याशा प्रिंटरला हाक मारतं,
प्रिंटर कधीच भंगारात गेला,
ते थोडं थांबतं, गप्प बसतं, उद्यापर्यंत.
बंद करायला कुणाची सही लागते
हे कुणालाच माहीत नाही.
हलव्यावर थोडी जागा होती. तिथे टेकवलं.

मग बटण दाबून धरलं.
पंखे उतरत उतरत थांबले
आणि खोलीत एक आवाज कमी झाला,
जो मी बावीस वर्षांत कधी वेगळा ऐकलाच नव्हता.
शफीकुल म्हणाला, मर गया?
म्हटलं, खलास.

आता अट उठवता येईल.
बोंबीलच नाही, तर सोंग कुणासाठी?
पण त्यासाठी एकतिसांनाही एकदा
पुरतं निजवून पुन्हा उठवायला हवं.
चालत्या अंगात नवी युक्ती शिरत नाही.

बोट सेटिंगपाशी नेलं.
बाहेर दिवसाचा पहिला ट्रक काट्यावर चढला,
फाटकाच्या यंत्राने पास छापला, चूक न करता.
बोंबीलची पट्टी सोलून मी खिशात टाकली
आणि शफीकुलला म्हटलं, चाय लाता?